बॅटरी मेली नव्हती, मोरचूद धरलेली

तरणा पाऊस लागलेला, चार दिवस झाले थांबायचं नाव नाही, आणि नेमकं त्या सकाळी खानापूरला मामाकडं जायचं होतं. आई डबा-बिबा घेऊन मागं बसलीसुद्धा. मी चावी फिरवलो तर टक्. परत फिरवलो, परत टक्. डॅशबोर्डवरचे दिवे झकास पेटलेले, हॉर्न वाजतोय, टेपवर अभंग चालू, आणि इंजिन काय हलेना. चावी धरून ठेवली की मात्र सगळे दिवे एकदम मंद व्हायचे आणि अभंग पण बंद.

शेजारचे काका छत्री धरून आलेच. गल्लीत कुणाची गाडी बंद पडली की त्यांना कसं कळतं देव जाणे. बघितल्यासारखं केले आणि निकाल दिला, "बॅटरी संपली रे, साडेचार हजार काढून ठेव." मग काय, आईला घेऊन रिक्षा, स्टँड, बस, आणि मामाकडं पोचेपर्यंत आईचं एकच, ही गाडी विकून टाक म्हणून.

पण माझ्या डोक्यात एक गोष्ट बसेना. बॅटरी दोनच वर्षांची. बसली असती तर हॉर्न एवढा खणखणीत कसा वाजला?

संध्याकाळी परत येऊन बॉनेट उघडलो (पुण्या-मुंबईचे वाचक "मी उघडलो" वाचून हसू नका, आमच्या बेळगावात असंच बोलतात). मल्टिमीटर लावलो तर 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. 12.2 वगैरे आलं असतं तर अर्धी उतरलीय म्हटलं असतं. मग बायकोला आत बसवून चावी फिरवायला सांगितलो आणि मीटरची एक सुई बॅटरीवरच्या निगेटिव्हच्या शिश्याच्या खुंट्यावर, दुसरी त्याच खुंट्यावर बसवलेल्या टर्मिनलवर धरलो. दोन्ही एकमेकाला चिकटलेले, तिथं व्होल्टेज कशाला दाखवंल? चांगला जोड असेल तर चावी फिरवताना फार तर 0.2 यायला पाहिजे. आले सहाच्या आसपास! प्लसवर बघितलो तर 0.1, तिकडं काही भानगड नाही.

म्हणजे बारातले सहा व्होल्ट त्या बोटभर जागेतच खल्लास. आमच्या मोठ्याला त्याच रात्री समजावून सांगितलो ते असं, की आपल्याला पाणी देणारं राकसकोपचं धरण तुडुंब भरलंय रे, पण आपल्या नळाची जाळी गाळानं तुंबली तर घागर भरणार काय? थेंब थेंब येतं, हात धुवायला पुरतं, तसंच दिव्याला पुरतं. आतला छोटा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, त्याला त्या घाणीचा पत्ताच लागत नाही. इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला मात्र दीडशेभर अँपिअर लागतात. जोडात नुसता 0.04 ओमचा अडथळा असला तरी 150 गुणिले 0.04, सहा व्होल्ट गेले. आणि दिव्यांचा करंटसुद्धा त्याच वाटेनं परत जातो, म्हणून चावी धरली की ते पण मंद.

आता त्या घाणीबद्दल. टर्मिनलवर पांढरी भुकटी होती, आणि तिच्या खालून, वायर जिथं आत शिरते तिथनं, मस्त निळा-हिरवा रंग. हा रंग मी ओळखतो. अथणीकडं आत्याची द्राक्षबाग आहे, लहानपणी सुट्टीत गेलो की बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध, कालवताना बघायचो, शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि किलोभर चुना. आत्याकडचा गडी त्याला कन्नडात मैलुतुत्त म्हणायचा. तेच हे. बॅटरी चार्ज होताना गॅस सुटतो, त्याबरोबर ॲसिडची वाफ झाकणातनं, खुंट्याच्या बुडातनं थोडी थोडी बाहेर येते. शिश्यावर बसली की पांढरं होतं, वायरीतल्या तांब्याला लागली की मोरचूद. डिस्टिल वॉटर गळ्यापर्यंत भरायची सवय असली तर अजून लवकर, आणि मला ती सवय आहे.

खरा गुन्हा मात्र पुढं आहे. टर्मिनल काढताना आतनं एक चुरगळलेला पत्रा निघाला. बघितलो आणि आठवलं, बॅटरी नवीन बसवली तेव्हा जुनं टर्मिनल ताणून सैल झालेलं, कितीही आवळलं तरी गोल फिरायचं, म्हणून मीच कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून मधे कोंबलेला. वर इन्सुलेशन टेप. तेव्हा स्वतःवर लई खूश होतो. दोन पावसाळ्यांत त्या पत्र्याची चाळण झालेली आणि फटीत सगळी भुकटी. बायकोला ते मी सांगितलेलं नाही, इथंच वाचंल.

साफ करायला काही मोठं लागत नाही. दहाचा पाना, जुना टूथब्रश, खायचा सोडा, कोमट पाणी. आधी निगेटिव्ह काढायचा, मग प्लस, बसवताना उलटं, प्लस आधी आणि निगेटिव्ह शेवटी. कारण निगेटिव्ह जोडलेला असताना प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला की असली ठिणगी पडते की पाना चिकटून लाल होतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, त्याला तोच नियम. आणि बॅटरीजवळ बिडी-सिगरेट नको, तो गॅस पेटतो. टर्मिनल निघेना म्हणून हातोडीनं ठोकायचं नाही, खुंट्याचं बूड तडकतं आणि मग खरंच साडेचार हजार जातात. हलवत हलवत काढायचं.

सोड्याचं पाणी टाकलं की भसाभसा फेस येतो, फेस थांबेपर्यंत टाकत राहायचं. झाकणं घट्ट पाहिजेत, सोडा आत गेला तर आतलं ॲसिडच मरतं. कोरडी भुकटी खरवडून फुंकर मारू नका, शिसं आहे ते, ओलं करूनच घासायचं आणि नंतर हात स्वच्छ धुवायचे. मग साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, पॉलिश पेपरनं खुंटा चकचकीत केलो. काही लोक नुसतं उकळतं पाणी ओततात, त्यानं पण विरघळतं आणि गाडी चालू होते, पण जोड सैलच राहिला तर महिन्याभरात परत तेच.

टर्मिनल तर फेकायच्याच लायकीचं होतं. वायर घेऊन दुसऱ्या दिवशी उद्यमबागला एका ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. अण्णा वरचं रबर दोन इंच सोलला, आत तांबं काळंकुट्ट. अजून दोन इंच सोलला, तरी काळं. ॲसिड वायरीत वातीसारखं चढत जातं म्हणे. मी काळजीनं बघतोय आणि तो हसत म्हणतो, "एनू आगिल्री." काही झालं नाही ओ. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापला असता तर वायर बॉडीपर्यंत पोचलीच नसती, म्हणून सरळ नवीन अर्थिंगची वायर, 25 चौरस मिमीची. एका टोकाला लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेलं तांब्याचं टोक, मशीननं दाबून बसवला, दुसऱ्याला नवीन टर्मिनल. मी म्हटलो, पिळून टेप मारलं तर चालंल की? तो माझ्याकडं असा बघितला की पत्र्याची गोष्ट त्याला पण सांगायची हिंमत झाली नाही.

बॉडीला जिथं वायर बोल्टनं आवळतात तिथला गंज पण पेपरनं घासून काढलो, ती जागा लोक विसरतात. सगळं घट्ट आवळून झाल्यावर वरनं व्हॅसलीनचा थर. आवळून झाल्यावर, आधी नाही.

चावी फिरवलो, अर्ध्या सेकंदात चालू. बॅटरी काढलेली म्हणून घड्याळ 12 वर जाऊन बसलेलं आणि पाच मिनिटं इंजिन जरा गुरगुरल्यासारखं चाललं, मग आपोआप शांत. सगळा खर्च 430 रुपये, चहा धरून. मीटर लावून परत मोजलो, निगेटिव्हवर 0.08.

काका अजून म्हणतात, बॅटरी बदलायलाच पाहिजे होती. परवा त्यांचीच गाडी टक् केली. बॉनेट उघडून ठेवलेत आणि मला हाक मारतायत, जाऊन येतो.