आजेसासऱ्यांच्या नावची जमीन: जावाच्या किनाऱ्यावर वारसापासून सर्टिफिकेटपर्यंत

मध्य जावाच्या केबुमेन जिल्ह्याचा दक्षिण किनारा म्हणजे काळसर वाळूचा लांबच लांब पट्टा. समुद्राकडच्या बाजूला वाळूतच मिरची आणि कलिंगडं, मागे माड आणि कौलारू घरं, आणखी आत भातखाचरं. माझं सासर इथलं. नवरा इंडोनेशियन, माझा पासपोर्ट भारतीय. आजेसासऱ्यांच्या नावावर राहिलेली घराची जागा आणि थोडं भातशेत वारसांत वाटून सरकारी सर्टिफिकेटवर आणायचं होतं, शिवाय नणंदेचा हिस्सा विकत घ्यायचा होता. इथे लग्न करून आलेल्या मराठी माणसांना आज ना उद्या हे करावं लागतंच, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. यात कागदांपेक्षा कागदांचा क्रम महत्त्वाचा आहे. क्रम चुकला की तेच काम दुप्पट खर्चात होतं, किंवा होतच नाही.

पहिली गोष्ट, परदेशी माणसाच्या नावावर पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', होत नाही. 1960 च्या जमीन कायद्याच्या (क्रमांक 5) कलम 21 प्रमाणे ती फक्त इंडोनेशियन नागरिकाची. परदेशी माणसाला राहण्यापुरता 'हाक पकाई', म्हणजे वापराचा हक्क, मिळू शकतो, पण गावातल्या वारसाच्या जागेसाठी त्या वाटेला कोणी जात नाही. ओळखीच्या गावकऱ्याच्या नावावर घेऊन बाजूला खाजगी करार करण्याचा सल्ला हमखास मिळतो. कलम 26 नुसार असा व्यवहार रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. त्यामुळे तो सल्ला ऐकून सोडून द्यावा.

आता नवरा-बायकोचा भाग. 1974 च्या विवाह कायद्याच्या कलम 35 प्रमाणे लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची सामाईक, पण वारसाने किंवा बक्षीस म्हणून आलेली ज्याची त्याची. म्हणजे आजेसासऱ्यांच्या जमिनीतला नवऱ्याचा हिस्सा त्याचा एकट्याचा, माझ्या पासपोर्टचा त्याच्याशी संबंध नाही. नणंदेचा हिस्सा मात्र लग्नानंतरची खरेदी. ती सामाईक झाली की अर्धी मालकी परदेशी माणसाची होते आणि व्यवहार तिथेच अडतो. यावर उपाय एकच, मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. ऑक्टोबर 2016 मधल्या घटना न्यायालयाच्या निकालापासून (क्रमांक 69/2015) लग्नानंतरही नोटारिसकडे करता येतो. पण नुसता नोटारिसचा दस्त पुरत नाही. लग्न मुस्लिम पद्धतीने इंडोनेशियातच झालं असेल तर 'कुआ' या धार्मिक कार्यालयात, नाहीतर जिल्ह्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात त्याची नोंद व्हावी लागते. नोंद नसेल तर करार तिसऱ्या माणसावर बंधनकारक नाही, आणि जमिनीचा दस्त करणारा अधिकारी हाच तो तिसरा माणूस.

लग्न भारतात नोंदवलं असेल तर एक पायरी वाढते. परदेशात झालेल्या लग्नाची नोंद जोडप्याने इंडोनेशियात परतल्यापासून एक वर्षाच्या आत करायची असते. त्यासाठी भारतातल्या विवाह प्रमाणपत्रावर राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा शिक्का), आणि इंडोनेशियात शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर. जून 2022 पासून इंडोनेशियात अपोस्टिल चालतो, त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्यांची साखळी संपली. प्रमाणपत्रावर नवऱ्याचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते भारतातच तपासावं. कितीतरी जावानीज माणसांचं नाव एकाच शब्दाचं असतं, आणि आपल्याकडच्या फॉर्ममध्ये आडनावाची चौकट रिकामी दिसली की कोणीतरी तेच नाव दोनदा लिहून ठेवतं. पुढे तिथे हे दोन वेगळे इसम धरले जातात.

आता गावचं दप्तर. सर्टिफिकेट नसलेल्या जमिनीची मुळं ग्रामकार्यालयातल्या 'लेतेर-चे' नावाच्या वहीत. ती गावचा सचिव, म्हणजे चारिक, सांभाळतो. सातबारा पाहिलेल्या माणसाला ती चटकन उमगते. प्रत्येक खातेदाराचं एक पान, वर नाव आणि खात्याचा 'चे' क्रमांक, खाली पेर्सिल (गटासारखा क्रमांक), जमिनीचा वर्ग, क्षेत्र, आणि शेवटी बदलाचं कारण व तारीख. वर्गातला 'एस' म्हणजे भातशेती, 'डी' म्हणजे कोरडी जमीन, घराची जागा त्यातच. क्षेत्र 'हा' आणि 'दा' या दोन रकान्यांत. 'हा' म्हणजे हेक्टर, आणि एक 'दा' म्हणजे 10 चौरस मीटर. गावात बोलताना मात्र सगळे उबिनमध्ये बोलतात, एक उबिन साधारण 14 चौरस मीटर. 100 उबिन ऐकून 1,400 चौरस मीटर डोक्यात आले पाहिजेत. या तीन मापांत घोळ झाला तर वाटणीच्या कागदावर चुकीचा आकडा जातो आणि मोजणीनंतर भावंडांत वाद लागतो.

पानाचा नुसता उतारा घेऊ नका, चारिकसमोर बसून मूळ पान बघा. शेवटच्या रकान्यातली बारीक अक्षरातली नोंदच खरी कामाची असते. एखादा तुकडा फार पूर्वी दुसऱ्या खात्यावर गेलेला असतो आणि घरी त्याची आठवणही कोणाला नसते. नोंदीतला 'चे' क्रमांक घेऊन ते दुसरं पानही उघडायला सांगायचं. दोन्ही पानांचे आकडे जुळले तरच पुढे जायचं. लेतेर-चे मुळात कराची वही, मालकीपत्र नव्हे. 2 फेब्रुवारी 2021 ला लागू झालेल्या नियमावलीने (क्रमांक 18/2021) अशा जुन्या कागदांवरच्या जमिनी नोंदवायला पाच वर्षांची मुदत दिली. त्यानंतर हा उतारा मालकीचा पुरावा राहत नाही, जमीन कुठली हे ओळखण्यापुरता उरतो. म्हणून प्रत्यक्ष ताब्याच्या प्रतिज्ञापत्राचं वजन वाढलं आहे. जमीन कोणाच्या ताब्यात, केव्हापासून, ती कशी आली आणि वाद नाही, हे सगळं त्यात येतं, खाली दोन साक्षीदार. साक्षीदार वयस्क आणि त्याच वाडीतले घ्यावेत. सलग 20 वर्षांचा ताबा सांगायचा, तर तेव्हाचं आठवणारा माणूस हवा.

नावांचा गुंता सगळ्यात जास्त वेळ खातो. जुन्या जावानीज रिवाजात लग्न झालं की पुरुष नवं, 'मोठेपणाचं' नाव घेत असे. लेतेर-चेवर लहानपणचं नाव, कराच्या पावतीवर मोठेपणचं, आणि मुलाच्या दाखल्यावर बापाचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगने, कारण 1972 मध्ये इंडोनेशियन स्पेलिंगच बदललं. यावर गावप्रमुखाचा 'एकच व्यक्ती' असल्याचा दाखला लागतो. त्यात सगळी रूपं एकाच वेळी लिहून घ्यावीत, नाहीतर दर नव्या कागदासाठी नवा दाखला. मृत्यूची नोंद जुन्या पिढीत बहुधा नसतेच. आधी गावाचा मृत्यू दाखला, मग नागरी नोंदणीचं प्रमाणपत्र. आजेसासरे आणि सासरे दोघंही गेलेले असतील तर दोघांचंही हवं, कारण वारसा दोन टप्प्यांत उतरतो.

वारस दाखला वारस स्वतःच लिहितात, दोन साक्षीदार सही करतात, गावप्रमुख आणि चामात, म्हणजे तालुक्याचा प्रमुख, शिक्के देतात. एकही वारस वगळला, मग तो सुमात्रातल्या लांपुंगला स्थलांतरित झालेला असो की मलेशियात कामाला असो, तर कागद पुढे कधीही उलटू शकतो. हिश्शांबद्दल मुस्लिम कुटुंबात शास्त्राप्रमाणे मुलाचे दोन भाग आणि मुलीचा एक. पण 1991 च्या इस्लामी कायदा संकलनातलं कलम 183 सांगतं की प्रत्येकाला आपला हिस्सा कळल्यावर सगळ्यांनी राजीखुशीने वेगळी वाटणी केली तरी चालते. समान वाटे करणारी घरं इथे पुष्कळ आहेत. वाटणीपत्रात 'हिस्सा माहीत आहे' हे वाक्य असलंच पाहिजे.

वाटणी मोजणीच्या आधी करा. सर्वांच्या नावे एक सामाईक सर्टिफिकेट काढून नंतर तुकडे पाडायचे म्हटले, की पुन्हा मोजणी, पुन्हा दस्त, पुन्हा कर. आधीच जागेवर दोरी धरून हिस्से पाडले आणि वाटणीपत्र जोडलं, तर मोजणीवाला तितके वेगळे भूखंड मोजतो. घराच्या जागेत रस्ता कोणाच्या हिश्शातून जाणार हे याच वेळी ठरवायचं. मागच्या हिश्शाला वाट राहिली नाही तर नकाशात ती नंतर घुसवता येत नाही.

भातशेताचा नियम वेगळा. शेतजमिनीच्या मालकाने त्याच तालुक्यात किंवा लागून असलेल्या तालुक्यात राहिलं पाहिजे (नियमावली 224/1961 आणि तिची 1964 ची दुरुस्ती). वारसाने आली तरी राहायला येण्यासाठी किंवा दुसऱ्याला देण्यासाठी एक वर्ष. ज्याच्या ओळखपत्रावर जाकार्ताचा पत्ता आहे त्याने वाटणीत घराची जागा घ्यावी आणि शेत गावात राहणाऱ्या भावंडाला द्यावं, हे सरळ.

सीमा दाखवायची जबाबदारी मालकाची. कोपऱ्यांवर खुंट आपणच रोवायचे आणि शेजाऱ्यांनी समोर उभं राहून मान्य करायचे. मोजणीदार फक्त मोजतो. नियमातला लोखंडी पाइप किमान 1 मीटर लांब, 5 सेंटिमीटर जाड, 80 सेंटिमीटर जमिनीत आणि वर राहिलेले 20 सेंटिमीटर लाल रंगाचे. किनाऱ्यावर मी काँक्रीटचाच खुंट सुचवेन. खाऱ्या हवेत लोखंड खातं, आणि वाळूत पाइप हाताने उपटून निघतो. जुनी हद्द बहुधा जिवंत कुंपणाची किंवा बांबूच्या बेटाची. बांबू दरवर्षी बाहेर सरकतो, त्यामुळे आजच्या बेटाची कड ही हद्द नव्हे. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांना बोलावून मूळ कोपरा ठरवावा. हद्दीवरच्या माडाचंही तेव्हाच बोलून घ्यावं. इथे माडाचा रस काढून गूळ करतात, काढणारा सकाळ-संध्याकाळ चढतो आणि मालकाशी निम्म्याने वाटून घेतो. त्यामुळे हद्दीवरचा एक माड म्हणजे एका घराचं रोजचं उत्पन्न. तो प्रश्न बाजूला ठेवून शेजारी सही करत नाही, आणि त्याची सही नसेल तर मोजणीदार परत जातो.

समुद्राच्या अगदी बाजूचा तुकडा असेल तर आणखी दोन गोष्टी बघाव्या. भरतीच्या सर्वोच्च रेषेपासून किमान 100 मीटर हा संरक्षित किनारपट्टा. आणि केबुमेनच्या 'उरुत सेवू' भागात गावकरी आणि लष्कर यांच्यात जमिनीचा जुना वाद आहे, 2011 मध्ये सेत्रोजेनार गावात गोळीबारापर्यंत गेलेला. तिथला तुकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

नोंदणीच्या वाटा दोन. 2017 पासून सुरू असलेली 'पीटीएसएल' ही गावच्या गाव एकदम मोजण्याची योजना. तिच्यात जावा-बालीत गावपातळीवरच्या तयारीसाठी (कागद, तीन खुंट, मुद्रांक) 1,50,000 रुपिया ही ठरलेली मर्यादा. आपलं गाव त्या वर्षीच्या यादीत नसेल तर स्वतंत्र अर्ज, मोजणी शुल्क वेगळं. हरकतींसाठी जाहीर यादी पीटीएसएलमध्ये 14 दिवस, स्वतंत्र अर्जात 30 दिवस लागते. पीटीएसएलचा निकाल चार गटांत येतो: के-1 ला सर्टिफिकेट, के-2 म्हणजे वाद, के-3 म्हणजे कागद अपुरे, के-4 म्हणजे आधीच नोंदलेली जमीन. के-3 मध्ये पडलेल्या बऱ्याच जागांचं कारण वर सांगितलेलं: नाव किंवा मृत्यू दाखला. आणि सर्टिफिकेट आलं म्हणजे कर माफ झाला असं नाही. हस्तांतर कर बाकी असेल तर ती नोंद राहते आणि भरल्याशिवाय विकता येत नाही.

नणंदेचा हिस्सा तिच्या नावचं सर्टिफिकेट आल्यावर घ्यायचा. दस्त जमीन-दस्त अधिकाऱ्याकडे (पीपीएटी), त्याचं शुल्क किमतीच्या 1 टक्क्यापर्यंत. विकणारा 2.5 टक्के आयकर भरतो. घेणारा किमतीतून करमुक्त रक्कम वजा करून उरलेल्यावर 5 टक्के हस्तांतर कर. ही रक्कम किमान 8 कोटी रुपिया, पण त्या जिल्ह्यातल्या पहिल्याच संपादनाला. 15 कोटी रुपियाच्या जागेवर वजावट मिळाली तर 35 लाख, नाहीतर 75 लाख. वारसाने घेताना वजावट किमान 30 कोटी, तीही एक पिढी वर-खालीच. किंमत कमी दाखवायचा मोह आवरावा, कारण जिल्ह्याचं करखातं दर तपासतं.

नवरा आधी गेला तर त्याच्या जमिनीतला माझ्याकडे येणारा वाटा मला एक वर्षात सोडावा लागेल. मूल इंडोनेशियन नागरिक असेल तर ते ठेवू शकतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून मुलाचा पासपोर्ट इंडोनेशियाचाच ठेवून भारतासाठी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) काढणं सोयीचं.

सर्टिफिकेट आता बहुतेक इलेक्ट्रॉनिक, एका सुरक्षा कागदावर क्यूआर कोडसह मिळतं. 'सेंतुह तानाहकू' ॲपवर भूखंडाची जागा आणि क्षेत्र लगेच जुळवून बघा. मग राहतो जमीन-इमारत कर. त्याचं नाव सर्टिफिकेटबरोबर आपोआप बदलत नाही, जिल्ह्याच्या करकार्यालयात वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि एका खात्याचे चार तुकडे झाले असतील तर चार अर्ज. तोवर कराची पावती आजेसासऱ्यांच्याच नावाने येत राहते, वर जुनं पूर्ण क्षेत्र लावून.