खालच्या माइकवरून

रविवार, रात्री

आज आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला रविवार होता. वर्षातून एकदा उपासना बायकांनी चालवायची. गीतं आमची, प्रार्थना आमच्या, शास्त्रवाचन आमचं, दानाच्या थैल्यासुद्धा आमच्याच हातात. संदेश, म्हणजे प्रवचन, तेवढा पास्टरांचा.

यंदा मी बैठकीत म्हटलं होतं, संदेश मावशींना देऊ द्या. मावशी सिव्हिल हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नर्स, शास्त्र तोंडपाठ. कमिटीने बराच खल केला आणि तोडगा काढला: बोलू दे, पण त्याला संदेश म्हणायचं नाही, साक्ष म्हणायचं. दहा मिनिटांत आटपायचं. आणि व्यासपीठावर नाही, खालच्या माइकवरून. म्हणजे नाताळच्या नाटुकल्यात पोरं मेंढरं होऊन बसतात ना, त्या जागेवरून.

मावशी हागारवर बोलल्या. मालकिणीच्या जाचामुळे घरातून पळालेली दासी, रानात झऱ्यापाशी बसलेली, आणि देवाला नाव देणारी शास्त्रातली पहिली व्यक्ती तीच. 'तू पाहणारा देव आहेस' म्हणणारी. त्यातच त्यांनी नाइट ड्यूटीतल्या जळीत वॉर्डाचं सांगितलं. स्टोव्हच्या भडक्याने भाजले, असं पोलिसांना सांगणाऱ्या आणि त्या सांगत असताना दारात उभ्या नवऱ्याकडे बघणाऱ्या पोरी. पुरुषांच्या बाकांवरही रुमाल निघाले. मग मंडळीतले एक वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, उठले, म्हणाले, बहिणीची साक्ष छान झाली, आता आपण वचन ऐकू या.

आणि वचन कुठलं, तर नीतिसूत्रे ३१, सद्गुणी स्त्री. ती रात्र सरायच्या आत उठते, घरच्यांना जेवू घालते, यावर पास्टर पंधरा मिनिटं तरी बोलले. लगेच पुढच्या ओवीत ती शेत पाहून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, त्यावरून गाडी सुसाट.

पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन मला माहीत आहे. स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, हे तिथे आहे. नाही कसं म्हणू? पण तोच पौल करिंथकरांना लिहितो की बाईने प्रार्थना करताना, संदेश देताना मस्तक झाकावं. म्हणजे तिथल्या बायका मंडळीत बोलत होत्या. आमच्याकडे त्या ओळीतलं डोकं झाकणं तेवढं घेतलंय. (आणि पदर घसरला की डोळे वटारतात त्याही बायकाच. सगळं पुरुषांवर ढकलून चालणार नाही.) अपुल्लोससारख्या विद्वानाला घरी नेऊन नीट समजावून सांगणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्ला होती, तिच्यावर संदेश मी आजवर ऐकलेला नाही.

पंडिता रमाबाईंना हे सगळं आधीच सोसावं लागलं होतं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी मोडता घातला. कारण काय, तर बाईने पुरुषांना शिकवलं तर इकडे लोक काय म्हणतील! रमाबाईंनी उलट कळवलं की माझ्या वडिलांनी आईला किंवा नवऱ्याने मला तरुणांना शिकवण्यापासून कधी अडवलं नाही, आणि तुम्ही अडवता याचं नवल वाटतं. ज्या अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून टीका सोसली आणि गंगामूळच्या रानात बिऱ्हाड नेलं, त्यांची ही लेक. पुढे तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि केडगावच्या मुक्तिसदनात ते छापायच्या कामाला बायकाच होत्या. आमच्या व्यासपीठावरून रमाबाईंचं नाव वर्षातून एकदा तरी अभिमानाने घेतात. त्या आज हयात असत्या तर आमच्या कमिटीने त्यांनाही खालचाच माइक दिला असता.

सगळ्या मंडळ्या अशा नाहीत. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बायका पाळक, म्हणजे पास्टर, होतात; आंध्रात नंद्यालला सीएसआयने (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ मध्ये एका बाईला बिशप केलं. उलट अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी २००० साली आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात पास्टरपद पुरुषांपुरतंच असं लिहून घेतलं, आणि २०२३ मध्ये बाईला पास्टर नेमल्यावरून सॅडलबॅकसारखी मोठी मंडळी बाहेर काढली. आमचे पास्टर मोबाइलवर तिकडचेच संदेश ऐकतात.

मला स्वतःला संदेश द्यायची हौस नाही. चार माणसांसमोर माझा घसा कोरडा पडतो. पण व्यासपीठावरून जे ठरतं ते घरात येतं, हे मी बघितलंय. आमच्यातल्या एका नोकरी करणाऱ्या पोरीचा पगार नवऱ्याच्या खात्यात जमा होतो, कारण तो कुटुंबाचा मस्तक. त्याने हात उगारला तेव्हा ती पास्टरांकडे गेली. त्यांनी पेत्राचं पत्र उघडून वाचून दाखवलं: न बोलता, आपल्या वागणुकीने पतीला जिंकून घे. वर प्रार्थना केली आणि घरी पाठवली. इफिसकरांच्या पत्रात बायकांनी अधीन असावं, याच्या आधीच्या ओवीत एकमेकांच्या अधीन राहा असं म्हटलंय आणि पुढे नवऱ्यांना बायकोवर ख्रिस्तासारखी प्रीती करायला सांगितलंय, ते पान त्या दिवशी कोणी उघडलं नाही. ती पोर शेवटी मावशींच्या घरी राहिली. मावशींनी तिला आधी दवाखान्यात नेलं, कागद करून घेतले, स्वतःच्या नावाचं खातं उघडायला लावलं. याला साक्ष म्हणायचं की संदेश, ते कमिटीने ठरवावं.

जेवताना मी ह्यांना म्हटलं, तुम्ही कमिटीत आहात, पुढच्या बैठकीत मांडा: मावशी वरून बोलणार, आणि मारहाणीची तक्रार आली तर पास्टरांबरोबर दोन बायका बसणार. हे म्हणाले, पहिलं कठीण आहे, दुसरं बघू. मी म्हटलं, दुसरं आधी घ्या मग, पण 'बघू' नको, मिनिट बुकात लिहून आणा.