चढ आला की धाप लागणारी एटीव्ही

माझी एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची जाड टायरांची उघडी चारचाकी, सपाटीवर झकास. स्लोला (अंगठा न दाबता इंजिन नुसतं चालू) उभी ठेवली तर तासभरही बंद पडणार नाही. पण चढ लागला, थ्रॉटलवर अंगठा जोरात दाबला, की आधी गचका, मग घोगरा आवाज, आणि वेग वाढायच्या ऐवजी उतरायचा. दोन दिवसांच्या दौऱ्यातला पहिला अख्खा दिवस माझा या आजारपणात गेला. त्याच वाटेने, तशाच जुन्या गाड्यांवर जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आम्ही तिघं, तीन एटीव्ही. मातीचा गाडीरस्ता, मग दगडगोट्यांची लांबलचक चढण, माथ्यावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून पलीकडे उतार. बाकी दोघांच्या गाड्या फ्युएल इंजेक्शनवाल्या, माझी एकट्याची कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायला जुन्या पद्धतीचा यांत्रिक भाग असलेली. निघताना दोघांनीही तिच्याकडे जरा काळजीनेच पाहिलं होतं.

निघाल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांनी पहिला गचका. थांबलो. दोन घोट पाणी पिऊन पुन्हा स्टार्ट केली तर एकदम ठणठणीत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मित्र म्हणाला, "तापतेय रे." मी म्हणालो, "तापत नाही, स्पार्क प्लग गेलाय." प्लग बदलला आणि गाडी सुसाट पळाली. मी विजयी मुद्रेने जुना प्लग खिशात टाकला. त्याचं टोक पांढरट होतं, हे बघूनही बघितलं नाही. नीट जळणाऱ्या इंजिनाच्या प्लगवर फिकट तपकिरी रंग येतो. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त.

तिसऱ्या गचक्याला हवेच्या फिल्टरवर संशय घेतला. रांगेत शेवटी असल्याने दोघांची सगळी धूळ मीच खात होतो, त्यामुळे संशय अगदी गैर नव्हता. फोम काढून झटकला, बसवला, आणि गाडी पुन्हा पळाली! आता गंमत बघा. इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं, आणि मी त्याला आणखी हवा मोकळी करून देत होतो. तरीही गाडी सुधारली, कारण औषध फिल्टर नव्हतंच. औषध होतं ते पाच मिनिटांचं थांबणं.

पुढच्या वेळी चालत्या गाडीत चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) अर्धा ओढून पाहिला. जीव आल्यासारखी ओढायला लागली. ही चाचणी फुकटची आणि फार बोलकी आहे: चोकने सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी गुदमरली तर आधीच जास्त होतंय. मित्राचं म्हणणं, उंचीमुळे होतंय. उंचीवर हवा विरळ होते हे खरं. हजार मीटर चढलात की साधारण दहावा हिस्सा कमी. पण त्याने कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचं प्रमाण वाढतं, कमी होत नाही. पांढरा प्लग आणि चोक, दोघांची साक्ष त्याच्या विरुद्ध होती.

मग कार्बोरेटरच. त्यात पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून येतं. अंगठा थोडा दाबलेला असताना पायलट जेटचं काम, मधल्या टप्प्यात सुईचं, पूर्ण दाबल्यावर मेन जेटचं. माझी तक्रार पूर्ण दाबल्यावरची, म्हणजे मेन जेटमध्ये कचरा. मुक्कामावर इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतलं. पाणी असतं तर तळाशी वेगळं दिसलं असतं. नव्हतं. जेट काढून बॅटरीच्या उजेडात धरलं: भोक गोल, स्वच्छ. (त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ते जेट वाया.) सगळं परत जोडलं आणि वैतागून झोपलो.

सकाळी निघून वीस मिनिटं होतात न होतात तोच पुन्हा धाप. पेट्रोलच संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, आणि फुस्स! हवा आत ओढली गेली. पुढचा चढ गाडीने असा घेतला, जणू काही झालंच नव्हतं.

झाकणातून हँडलकडे जाणारी बारीक नळी आदल्या दिवशी मीच दाबून टाकली होती, टाकीवरची बॅग आवळताना. पेट्रोल खाली उतरेल तशी टाकीत हवा शिरायला हवी. ती शिरली नाही तर आत पोकळी तयार होते आणि धार बारीक होते. स्लोला लागतं थोडं, तेवढं मिळत राहतं. चढावर मात्र कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. थांबलात की बारीक धारेनेही ती पुन्हा भरते, म्हणून माझी प्रत्येक दुरुस्ती यशस्वी!

तेव्हा गाडी चढावर दम तोडत असेल, तर पाना काढायच्या आधी सपाट जागी थांबून झाकण सैल करा. आसपास सिगारेट नको, आणि तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडू देऊ नका. फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली तर नळी तपासा: दबलीय का, चिखल किंवा किड्यांनी बुजलीय का. मध्ये एकेरी व्हॉल्व असेल तर तो उलटा बसलेला नाही ना, हेही बघा. फरक पडला नाही तर पेट्रोल कॉकची (टाकीखालच्या तोटीची) जाळी, मग जेट, मग कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबराला तडे. फिल्टर धुतलात तर पूर्ण वाळवून, फिल्टरचं तेल लावूनच बसवा. धुळीत फिल्टरशिवाय गाडी चालवायचा मोह अजिबात नको. आणि रिव्हर्समध्येच गुदमरत असेल तर काहीही उघडू नका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला वेग मुद्दाम अडवलेला असतो.

ओढा मात्र मित्राच्या गाडीला नडला. पाणी खोल होतं, आणि बाहेर आल्यावर इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी जागची हलेना. हा आजार वेगळा. इंजिनाचा आवाज चढतोय पण चाकं ओढत नाहीत, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा बेल्ट घसरतोय. बेल्टच्या कव्हरचा ड्रेन प्लग काढल्यावर वाटीभर पाणी पडलं. न्यूट्रलमध्ये हलक्या हाताने रेस दिली, बेल्ट वाळला, निघालो.

माझी बॅग आता मागच्या कॅरिअरवर होती.