दाजींची फ्रेंच फाइल अन् 'आंजीन'चा घोळ

आमचे दाजी काही वर्षं आयव्हरी कोस्टला होते, आबिदजानला, मशीन मेंटेनन्सच्या कामाला. तिकडं दवाखान्यापासून बँकेपर्यंत सगळा कारभार फ्रेंचमधी. दिवाळीला लातूरला आले ते दवाखान्याची जाडजूड फाइल घेऊनच. इथले डॉक्टर म्हणले इंग्लिशमधी करून आणा, मग अक्कानं पैसे देऊन बाहेरून भाषांतर करून घेतलं अन् त्यात सरळ 'अँजायना' लिहिलेलं, म्हणजे हृदयाचं दुखणं. अक्काचं जेवणच तुटलं हो, अँजिओग्राफी करावी लागंल, पैसे कुठून आणायचे, घरात दुसरा विषयच नाही.

मी संभाजीनगरला असताना फ्रेंच शिकले होते म्हणून फाइल माझ्याकडं आली. मूळ कागदावर शब्द होता 'आंजीन'. फ्रेंचमधी नुसतं आंजीन म्हणजे घसा सुजणं, टॉन्सिलचं दुखणं. हृदयाचं असेल तर 'आंजीन द प्वात्रीन' लिहितात, प्वात्रीन म्हणजे छाती. अन् खाली औषध काय, तर अमॉक्सिसिलिन, 6 दिवस. आता अँजायनाला अँटिबायोटिक कोण देतंय? रात्री साडेअकराला अक्काला फोन लावला, सकाळपर्यंत मला दम निघाला नाही.

तिथून पुढं शब्द ओळखीचा दिसला की मी जास्तच तपासायला लागले. 'माल ओ कर' मधला कर म्हणजे हृदय, पण म्हणायचं असतं मळमळतंय, म्हणून नॉशिया. 'ऱ्यूम' म्हणजे साधी सर्दी. 'पाल्यु' म्हणजे पाल्युदिझ्म, आपला मलेरिया. आकड्यांचंही तसंच, बीपी 13/8 लिहिलेलं, ते लोक पाऱ्याचे सेंटीमीटर धरतात म्हणजे आपलं 130/80, अन् शुगर 1,10 मधला स्वल्पविराम म्हणजे पॉइंट, तेही लिटरला ग्रॅम, आपल्या रिपोर्टच्या हिशोबानं 110. मी मूळ आकडा तसाच ठेवून शेजारी आपला लिहिला.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो 'फुर्मीयमाँ'नं. डिक्शनरीत टिंगलिंग होतं, पण पुढंच 'आंगुर्दिसमाँ', म्हणजे बधिर होणं, ते पण होतं अन् पहिल्या भाषांतरात दोन्हीला मिळून एकच नंबनेस टाकलेलं. शेवटी दाजींनाच विचारलं, नेमकं काय होलालंय? ते पाय चोळत म्हणले, "मांडी घालून बसलं की मुंग्या येलाल्यात, अन् अंगठा तर कधी कधी माझा नसल्यावानीच वाटतोय." अन् मला एकदम लागलं, फ्रेंचमधी फुर्मी म्हणजे मुंगीच की! आपल्याकडं मुंग्या येतात तशा त्यांच्याकडंही येतात, इंग्लिशमधीच त्या मुंग्या राहत नाहीत. म्हणून मुंग्यांना टिंगलिंग अन् अंगठ्याला नंबनेस, दोन वेगळ्या ओळी केल्या. डॉक्टरला हे दोन वेगवेगळे कळायलाच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं, कारण मुंग्या येणं वेगळं अन् बधिर होणं वेगळं, आपल्या घरातली म्हातारी माणसंसुद्धा त्यात गल्लत करत नाहीत.

हाताने लिहिलेला एक शब्द मात्र शेवटपर्यंत लागला नाही. अंदाजानं काही घालायची हिंमत झाली नाही, तिथं 'वाचता येत नाही' असं इंग्लिशमधी लिहून मूळ पानाची झेरॉक्स जोडली. डॉक्टरांनी सगळं वाचलं, अँजायनावर काट मारली, अन् त्या न लागलेल्या शब्दाच्या ओळीवर बोट ठेवून दाजींना म्हणले, "हे तुम्हीच सांगा, त्या दिवशी काय झालं होतं?"