तुमचा नंबर सतरा

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या वाचनालयात काव्यवाचन असतं. फळ्यावर हल्ली 'ओपन माईक' असं लिहितात, त्यामुळे कॉलेजची चार पोरं येतात. पाच वाजता वहीत नाव घालायचं, नंबर पडतो. परवा माझा सतरावा होता. सुरुवात सहाला, प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि आठला शिपाईमामा कुलूप लावणार. कागदावर हिशेब अगदी बसतो. पण 'दोनच ओळी सादर करतो' म्हणणारा कवी त्या दोन ओळी कुठे, कशा, कोणत्या स्टँडवर सुचल्या हे सांगण्यात चार मिनिटं घालवतो, तिथे गणित फसतं.

पेपर वाचायची लांब टेबलं भिंतीला सरकवलेली. माईकमध्ये पंख्याची घरघर येते म्हणून पंखा बंद. नवी पोरं मोबाईलवरून वाचतात. परवा एकाच्या ऐन विरहात आईचा फोन आला. जुने लोक खिशातून चौघडी कागद काढतात. एक काका गेलं वर्षभर तीच एक पावसाची कविता वाचतायत, उन्हाळ्यातसुद्धा. आम्ही मागच्या रांगेत कोपरं मारतो.

खरं सांगायचं तर तिथे जवळजवळ सगळेच वाचायला आलेले असतात. ऐकणं म्हणजे आपला नंबर येईपर्यंतची वाट पाहणं. बाराव्या नंबरची वाहवा चालू असताना तेरावा ओठ हलवून उजळणी करत असतो.

अशा वेळी मला हटकून जळगाव आठवतं. १९०७ साली तिथे कविसंमेलन भरलं होतं. अध्यक्ष कर्नल कीर्तिकर. पेशाने डॉक्टर, औषधी वनस्पतींचे मोठे जाणकार. ठोंबरे आडनावाच्या एका कोवळ्या पोराने कविता म्हटल्या आणि कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं. पुढे महाराष्ट्र ठोंबरे हे नाव विसरला. म्हणजे त्या दिवशी अध्यक्षांच्या खुर्चीतला माणूस नीट ऐकत होता! आमच्याकडे अध्यक्ष बहुधा चहा आला का ते बघत असतात.

ऐकायलाच येणारी आमच्याकडे एकच व्यक्ती. एक काकू. मासिक बदलायला येतात आणि पहिल्या रांगेत बसून राहतात. मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी. टाळ्या वाजवत नाहीत, मान डोलवत नाहीत. मला त्यांचा थोडा धाकच वाटतो.

सतरावा नंबर लागला तेव्हा आठला सात मिनिटं कमी होती. वाचून झालेले बरेचसे सटकले होते. मामा कुलूप हातात घेऊन दाराशी उभे. मी कागद उलगडला. विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेली कविता, महिनोन् महिने पाकिटात राहिलेली. तिसऱ्या ओळीवर नेमकी घडी पडून कागद विरला होता, आणि शब्द गायब. 'उंबऱ्यापाशी अजून थोडी...' इथे मी अडकलो. पुन्हा म्हटलं, 'अजून थोडी...' माझीच कविता, पण शब्द आठवेना. माईक कुँई करून ओरडला.

"ओल," काकू म्हणाल्या.

मी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं.

"अजून थोडी ओल. मागच्या महिन्यातही हीच वाचली होतीत की तुम्ही. आणि त्याच्या आधीच्याही."