आमचाच रॅम्प

जिल्ह्याच्या गावातलं रुग्णालय. कॅज्युअल्टीची नवी मांडणी करायचं काम आमच्या ऑफिसकडे आलंय. अशा कामात मी आराखड्याआधी एक रात्र तिथे काढते. दिवसा अधिकारी सोबत फिरतात, सगळं पुसलेलं, मोकळं दिसतं. रात्री बारानंतर नकाशावरचा २.४ मीटरचा कॉरिडॉर टेपने मोजला, तर १.४ भरला. भिंतीलगत लोखंडी बाकडी, त्यांवर नातेवाईक, पायाशी पिशव्या. त्यांच्यासाठी आम्ही जागाच काढली नव्हती, मग ते बसणार कुठे?

पावणेतीनला १०८ आली. साठीचे शेतकरी, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. सीएमओंनी, म्हणजे कॅज्युअल्टीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी, मुलाला आधी एकच विचारलं, "शेवटचे नीट कधी बोलले?"

"साडेबाराला. रात्रीची लाइट होती, मोटर चालू करून आले तेव्हा."

म्हणजे पक्षाघाताच्या साडेचार तासांच्या मुदतीत. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार होतं, पण त्याआधी सीटी स्कॅन हवाच. मेंदूत रक्तस्राव असला तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं.

सीटी मागच्या विंगेत. स्ट्रेचरला सलाइनचा स्टँड नव्हता, मुलाने बाटली हातात उंच धरली. वॉर्डबॉय मामा पुढून ओढत होते, सिस्टर बाजूने. दोन विंगा जुळतात तिथे ४५ सेंटिमीटरचा चढ आहे. अर्ध्यावर स्ट्रेचर अडलं आणि मागे सरकू लागलं. मुलाला दोन्ही हात लावावे लागले. त्याने बाटली वडिलांच्या पोटावर ठेवली, आणि नळीत रक्त उलटं चढताना मला दिसलं. बोटभर, मग वीतभर. "बाटली वर धरा कुणीतरी!" सिस्टर ओरडल्या. मी टेप टाकून बाटली उचलली.

तो रॅम्प मीच काढलाय, बारा वर्षांपूर्वी. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून नव्या विंगेचं जोतं उंच घेतलं होतं. १:१२ चा उतार, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी, द्यायला ५.४ मीटर लांबी लागली असती. मध्ये जनरेटरची खोली येत होती, म्हणून ३.६ मीटरमध्ये, १:८ ने बसवला. तेव्हा तिथून कपड्यांच्या आणि जेवणाच्या ट्रॉल्याच जायच्या होत्या. सीटी नंतर आला. तळमजल्यावरची रिकामी खोली, नऊ इंची विटांच्या भिंती, एवढं पाहून जागा ठरली. पेशंट तिथवर कसा पोचणार, हे कोणी चालून पाहिलं नाही. आम्हाला विचारलं नाही हे खरं, पण विचारलं असतं तरी मी टेबलावर नकाशा पाहून 'चालेल' म्हटलं असतं. हे डोक्यातून जात नाही.

"मॅडम, इथं दोघं लागतातच," मामा परत येताना म्हणाले. "रात्री मी एकटाच असतो."

रक्तस्राव नव्हता. इंजेक्शन वेळेत गेलं. चढावर माझ्या घड्याळाने चार मिनिटं गेली होती. सीएमओ मला म्हणाले, "गावाहून यायलाच दोन तास गेले, चार मिनिटांचं काय घेऊन बसलात?" पण मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असं हेच डॉक्टर इंटर्न्सना शिकवतात. त्या शेतकऱ्यांची वाचा परत आली, उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही. त्यात माझ्या रॅम्पचा वाटा किती, ते कोणीच सांगू शकणार नाही.

सीटी हलवणं सोपं नाही. नवी खोली म्हणजे क्ष-किरण अडवणाऱ्या भिंती, एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, सगळं पहिल्यापासून. म्हणून मी कॅज्युअल्टीच सीटीशेजारी, एकाच पातळीवर नेली आहे, ॲम्ब्युलन्सचा पोर्च मागच्या रस्त्याला. नातेवाईकांसाठी कॉरिडॉरबाहेर बसायची जागा, तिथून पेशंट दिसेल अशी खिडकी. प्रशासनाला हे पसंत नाही. कॅज्युअल्टीचा बोर्ड दर्शनी भागात हवा, मागच्या बाजूने शोभा जाते, असं त्यांचं म्हणणं. रात्री तीनला शोभा बघायला कोण येतं?

पुढच्या बैठकीला मामांना बोलवा, असं मी लेखी कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.