तुम्ही विचारलंत म्हणून: लेन्स कंपनीकडे पाठवायची का?

“फोटो एका बाजूला धूसर येतोय, लेन्स कंपनीकडे पाठवू का?” असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, दोष लेन्सचाच आहे हे कशावरून?

एकदा मी लेन्स पाठवली होती ती फक्त ‘शार्प येत नाही’ एवढं लिहून. तीन आठवड्यांनी ती ‘ठरलेल्या मर्यादेत आहे’ असा शेरा घेऊन जशीच्या तशी परत आली. तेव्हा फार वाईट वाटलं, पण तपासणाऱ्याच्या हातात मी काहीच दिलं नव्हतं.

मग घरीच शोध घेतला. ट्रायपॉड, विटांची भिंत, मोठं अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र). एक फोटो सरळ, दुसरा कॅमेरा उलटा करून. दोन्ही फोटोंत भिंतीचं तेच टोक धूसर असेल, तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता. धूसरपणा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सरकला, तर दोष लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात आहे. मग दुसरी लेन्स लावून बघायची. तीही तिथेच धूसर आली, तर संशय बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर. माझ्या बाबतीत दुसरी लेन्स स्वच्छ निघाली. हे फोटो जोडून, कुठली बाजू, कुठलं अपर्चर ते लिहून लेन्स पुन्हा पाठवली आणि या वेळी ती खरोखर दुरुस्त होऊन आली.

असा दोष मी कंपनीकडेच देते. कारण माउंटपासून (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती कडी) सेन्सरपर्यंतचं (चित्र टिपणारी पट्टी) अंतर अगदी नेमकं असावं लागतं:  कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिलिमीटर, निकॉनच्या एफमध्ये ४६.५. त्यात मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही मोठ्या अपर्चरला दिसू शकतो. काचा तिरक्या बसल्या असतील तर त्या नुसत्या नजरेने आणि स्क्रू-ड्रायव्हरने जागेवर येत नाहीत. वॉरंटी चालू असताना तर बाहेर उघडूच देऊ नका.

सेन्सरवरची धूळ मात्र वेगळी. एफ/१६ ला, म्हणजे अपर्चर बरंच लहान करून, आकाशाचा फोटो काढा. ठिपके दिसले, तर आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) पुरेसा असतो. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेला कॅमेरा) सगळे फोटो सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे फोकस होत असतील, तर ऑटोफोकस फाइन-ट्यून करून, म्हणजे मेनूतून फोकस थोडा पुढे-मागे सरकवून बघा. बऱ्याच बॉडींत ती सोय असते.

लेन्स जुनी असेल तर सुटे भाग मिळतात का, हे पाठवण्याआधीच विचारा. खर्चाचा अंदाज लेखी मागवा आणि तशीच सेकंड-हँड लेन्स कितीला मिळते तेही बघून ठेवा. पाठवताना फिल्टर आणि, बॉडीही पाठवत असाल तर, मेमरी कार्ड काढून घ्या, सिरीयल नंबर लिहून ठेवा.